पत्ता लिहून ठेवणारी सॅब्रा मावशी

आमच्या हॅटरस बेटावर उतरलेला पाहुणा तिसरा प्रश्न काय विचारणार, हे मला त्याच्या पहिल्याच प्रश्नाला कळतं. पहिला प्रश्न, मासे मिळतात का. दुसरा, डास नेहमीच इतके असतात का. आणि तिसरा, डोळे बारीक करून, आवाज खाली आणून, जणू ज्यांच्याविषयी विचारतोय त्यांना मी काल रात्री जेवायलाच वाढलं होतं: "ती हरवलेली इंग्रज माणसं... तुम्हाला काय वाटतं हो, कुठे गेली असतील?"

डोकं फिरतं माझं. अरे, मी घरं हलवणारा माणूस. समुद्र अंगणात आला की लोक मला बोलावतात, मी घर उचलतो आणि मागे नेऊन ठेवतो. माणसं कुठे गेली हे मला काय विचारता! पण तसं म्हटलं तर पाहुणा नाराज होतो आणि बायको रागावते. म्हणून सॅब्रा मावशी होती तोवर मी अशा लोकांना सरळ तिच्या ओसरीवर नेऊन सोडायचो आणि आपण शेजारी बसून मजा बघायचो.

सॅब्रा फुल्चर माझ्या आईची धाकटी बहीण. लहानखुरी, वाळलेली, डोळे करडे, आणि तोंड एकदा सुरू झालं की भरती-ओहोटी दोन्ही उलटून जायच्या. प्रश्न ऐकला की ती अंजिराचा मुरंबा ढवळायचा चमचा तसाच हातात धरून बाहेर यायची.

"कुठे गेली म्हणजे? इथे आली! ही काय, त्यांच्याच वंशातली मी बसलेय समोर. बघून घ्या."

पाहुणे हसायचे. तिला हसलेलं खपत नसे.

"हसू नका. शेकडो वर्षांपूर्वी तो इंग्रज गव्हर्नर शंभरावर माणसं तिकडे रोआनोक बेटावर ठेवून गेला. बाया, पोरं, स्वतःची लेक, तान्ही नात. म्हणाला, इंग्लंडहून सामान घेऊन लगेच येतो. लगेच म्हणजे किती? तीन वर्षं! आला तर घरं जाग्यावर नाहीत. जळालेली नाहीत, मोडलेली नाहीत, नीट उतरवून नेलेली. आणि खांबावर कोरलंय, क्रोआटोआन. क्रोआटोआन म्हणजे कुठलं गाव? हेच बेट! आपलं जुनं नाव. संकटात असलो तर वर क्रॉस कोरू असं ठरलं होतं, तोही कोरला नव्हता. मजेत होती माणसं. मग वादळ आलं, जहाजाचे नांगर तुटले, आणि हा बाबा पत्ता वाचून इंग्लंडला परत गेला. परत! आणि तेव्हापासून सगळं जग विचारतंय, कुठे गेली, कुठे गेली. अहो, बायकांनी लिहून ठेवलं होतं ना!"

"बायकांनीच लिहिलं कशावरून?" एका प्राध्यापकाने एकदा विचारलं.

"पुरुषाने कधी कळवलंय का, आपण कुठे चाललो ते?" मावशी म्हणाली, आणि त्याच्या हातात मुरंब्याची बरणी कोंबून त्याला वाटेला लावलं.

आता आमच्याकडे ही रीतच आहे. घर हललं तरी फाटकाचा खांब हलवायचा नाही. जुन्या जागी तो उभा ठेवायचा आणि त्यावर नव्या जागेचं नाव कोरायचं. आमचे पुरुष महिनोन्‌महिने बोटीवर असतात. माणूस परत येतो तेव्हा घर गेलेलं, शेजार गेलेला, कधीकधी रस्ताही गेलेला असतो. खांब वाचायचा आणि चालू लागायचं. घरात काही वाईट झालं असेल तर नावाच्या वर क्रॉस, म्हणजे येणाऱ्याने मन घट्ट करून यावं. ही रीत त्या लोकांनी आम्हाला दिली की इथल्या मूळच्या लोकांनी त्यांना, हे मला ठाऊक नाही आणि माझं त्यावाचून अडलेलंही नाही.

मावशीचं स्वतःचं घर समुद्राच्या बाजूला होतं. फुटलेल्या जहाजांच्या लाकडातून युरायस काकांच्या आजोबांनी बांधलेलं. एक दार कप्तानाच्या खोलीचं, दुसरं कोठाराचं, आणि जिना इतका उभा की पाहुणे उलटे उतरायचे. युरायस काका म्हणजे मावशीचे यजमान. माणूस उंच, शांत, मासेमारीत एक नंबर, आणि हट्ट असा की खेचर बरं. दोघांचं लग्न झालं तेव्हा घरापुढे वाळूच्या टेकड्यांच्या दोन रांगा होत्या. मग एक राहिली. मग तीही गेली. मग एका पावसाळी वादळात अंजिराचं झाड गेलं, आणि पुढच्या वर्षी संडास गेला. तो दूर लाटांवर ताठ उभा तरंगत चालला होता, दार उघडझाप करत, आणि काका ओसरीवरून बघत होते.

"आता तरी घर हलवू," मावशी म्हणाली.

"समुद्र येतो, समुद्र जातो," काका म्हणाले. "आजोबांनी ठेवलंय घर, विचार करूनच ठेवलं असेल."

"जाईल ना समुद्र. जाताना घर घेऊन जाईल!"

त्यावरून जे जुंपलं ते हिवाळाभर चाललं. हलवणारा मी, त्यामुळे दोघेही मलाच साक्षीला धरायचे. मी काय बोलणार! शेवटी वसंतात काका सामानाची पिशवी घेऊन उत्तरेला निघाले, बंदरांमधला गाळ काढणाऱ्या बोटीवर नोकरीला. आमचे बरेच लोक जातात. पण ते सहा महिन्यांनी येतात, आणि पत्रं पाठवतात.

जाताना काका दारातून म्हणाले, "घर इथे असेल तर मी येईन."

मावशी आतून ओरडली, "घर असेल तिथे मी असेन. लिहून ठेवीन, वाचता येत असेल तर ये!"

ते गेले ते गेलेच. महिन्याच्या महिन्याला पगारातून पैसे यायचे, पण सोबत एक ओळ नाही. मावशीनेही एक ओळ लिहिली नाही. "त्याने आधी लिहावं. गेला कोण?" झालं. पुढच्या हिवाळ्यात समुद्र ओसरीच्या पायरीला लागला, तेव्हा तिने मला बोलावलं.

आमच्याकडे घर हलतं तेव्हा घरातली बाई घरातच असते. चूल पेटती, कॉफी उकळती, कपाटं सुतळीने बांधलेली. जॅक लावून घर वर घ्यायचं, खाली गोल ओंडके सारायचे, त्यांना माशाचं तेल चोपडायचं, आणि पुढे ट्रकने इंच इंच ओढायचं. घर माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश चालतं. मावशी वाटभर खिडकीतून डोकं काढून मला सूचना देत होती.

"बॅन्या, डावीकडे झुकतंय! माझी कॉफी सांडली!"

"मावशी, तू आत बस गं! घर मी हलवतोय की तू?"

"घर माझं आहे. तू नुसता ओढतोयस."

खाडीच्या बाजूला ओकच्या झाडीत, कोबची राई म्हणतात तिथे, घर नेऊन ठेवलं. उंच, सुरक्षित जागा. दोन मैलांचं अंतर असेल. मग ती एकटी चालत जुन्या जागी गेली आणि खांबावर काकांच्याच चाकूने कोरायला बसली. मी करतो म्हटलं तर हात झटकला. "कोबची राई" कोरून झाल्यावर चाकू तसाच हातात धरून ती खांबाकडे बघत राहिली.

"क्रॉस हवाय का?" मी विचारलं.

"कशाला? मी काय संकटात आहे?" असं म्हणून तिने नाक पुसलं. थंडी होती, पण एवढीही नव्हती.

काकांना जाऊन तीन वर्षं झाली. पाहुण्यांपुढे तिचं ते भाषण चालू होतं, पण गव्हर्नरचा भाग आला की आता ती जरा जास्तच चिडायची. राईतल्या घराची एक खिडकी समुद्राच्या दिशेला होती. समुद्र तिथून दिसत नसे, नुसती झाडं. तरी तिची खुर्ची त्याच खिडकीशी असायची.

आणि एका सप्टेंबरात, सोमवारी सकाळी, युरायस काका आले.

ते गावाच्या धक्क्यावर उतरले नाहीत. ओळखीच्या मासेमारी बोटीने त्यांना थेट जुन्या जागेपुढे वाळूवर सोडलं. घर नाही. खांब आहे. खांब त्यांनी वाचला. आणि मग माणसाने काय करावं? दोन मैल चालावं. यांनी काय केलं? जुन्या शिडाचा तंबू ठोकला, खांबाच्या खिळ्याला आरसा टांगला आणि दाढी करायला बसले.

दुपारपर्यंत अख्ख्या बेटाला कळलं. पण कुणी जाऊन बोलेल तर शपथ. नवराबायकोच्या मधे पडायचं नाही, हा आमच्याकडे कायदा आहे. तो मोडायचा असेल तर नातेवाईकाने मोडायचा. म्हणजे मी.

"काका, खांब वाचलात?" मी विचारलं.

"वाचता येतं मला."

"मग?"

"मग काय? 'कोबची राई' असं लिहिलंय." त्यांनी गालावरून वस्तरा फिरवला. "ये असं कुठे लिहिलंय?"

"अहो, पत्ता लिहिला म्हणजे या असाच अर्थ झाला ना!"

"पत्ता तर दुकानावरही लिहितात. सगळ्यांसाठी. मला म्हणून काय लिहिलंय, दाखव." मग वस्तरा धुता धुता ते म्हणाले, "मी घर सोडून गेलो होतो, पोरा. तोंड वर करून न बोलावता जाऊ? तिने दार लावलं तर? शनिवारी बोट येतेय मला न्यायला. तोवर आहे मी इथे." मी उठलो तसे हळूच म्हणाले, "तिचा गुडघा कसा आहे?"

मी तडक राईत आलो. मावशीने पातेलंभर मासा, बटाटे, वरून डुकराच्या चरबीच्या कुरकुरीत वड्या, असं सणासारखं रांधून ठेवलं होतं.

"एकटीला एवढं?"

"शिळं चांगलं लागतं," ती म्हणाली. मग, "बारीक झालाय का?"

"कोण?"

"कोण काय कोण! गव्हर्नर!"

"झालेत जरा. मावशी, ते म्हणतात ये असं कुठे लिहिलंय."

चमचा थेट जमिनीवर. "ये म्हणायचं? स्वतःच्या घरी यायला? पत्रिका छापू का त्याच्यासाठी? मी हाताला फोड येईस्तोवर कोरत बसले, त्याला अजून ये पाहिजे! बॅन्या, त्याला सांग, पत्ता लिहिणं बाईचं काम, चालणं पुरुषाचं."

मी सांगितलं. त्यांनी उत्तर दिलं. मी ते इकडे आणलं. मंगळवार, बुधवार माझा हाच धंदा. डासांनी मला सोलून काढलं. बुधवारी मी घरी येऊन खुर्चीत आदळलो आणि बायकोला, ऑर्फाला म्हणालो, "मी हात टेकले. तो दोन मैल येणार नाही, ती दोन मैल जाणार नाही. शनिवारी बोट येईल आणि संपलं."

ऑर्फा मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तू घरं हलवतोस ना?"

"हो."

"मग हलव."

मी बघतच राहिलो. बायको कधीकधी असं बोलते की आपण इतकी वर्षं काय करत होतो असं वाटतं. घर मधे आणायचं! एक मैल अलीकडे. एक मैल चालून काका म्हणू शकतील की मी नुसता फिरायला निघालो होतो, वाटेत घर आलं. आणि मावशी म्हणू शकेल की मी कुठे गेले, मी आपली घरातच होते.

मावशीला हे असं तोंडावर सांगायची सोय नव्हती. मी म्हटलं, "राईत यंदा डास फार झालेत गं. थोडं वाऱ्याच्या बाजूला सरकवायचं का घर?"

"वाऱ्याच्या म्हणजे कुठल्या?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"समुद्राच्या."

"मी त्याच्यासाठी एक पाऊल हलणार नाही हां, सांगून ठेवते. डासांसाठी हलायचं असेल तर वेगळं." मग लगेच, "उद्या सकाळी जमेल?"

सप्टेंबरात घर ओंडक्यांवर चढवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. वादळांचा महिना. शहाणा माणूस नोव्हेंबरपर्यंत थांबतो. पण नोव्हेंबरात काका बोटीवर असतील, आणि मग पुन्हा किती वर्षं, कुणी सांगावं? दोघांचं वय काही परत उलटं चालणार नव्हतं. मी माणसं गोळा केली. गुरुवारी घर राईतून निघालं, शुक्रवारी सकाळी खाजणातल्या रस्त्यावर आलं. सपाट, ओली, उघडी जमीन. एक मैल झाला. तिथून काकांचा तंबू ठिपक्याएवढा दिसत होता, आणि ते तंबूबाहेर उभे राहून घर येताना बघत होते, हेही दिसत होतं.

आणि तेवढ्यात हवामानखात्याच्या मनोऱ्यावर दोन लाल बावटे चढले, मधे काळा चौकोन. म्हणजे साधं वादळ नाही, मोठं.

माझी माणसं आपापल्या घरांकडे पळाली, आणि पळायलाच हवं होतं. मी ओंडक्यांना पाचरी मारल्या, घराला दोरखंड बांधून ट्रकला आवळलं आणि मावशीला म्हटलं, चल.

"मी घर सोडणार नाही. घर सोडणारी माणसं वेगळी," ती म्हणाली.

तिच्यासमोर कुणाचं चाललंय? मीही आत बसलो. दुपारी वारा फिरला, आणि खाडीचं पाणी खाजणावर चढलं. आमच्याकडे समुद्रापेक्षा खाडी वाईट. समुद्र निदान ओरडत येतो. खाडी गुपचूप येते आणि घराला खालून उचलते. घर तरंगलं की मग ते कुठे जाईल याचा भरवसा नाही. म्हणून बेटावरच्या प्रत्येक घराच्या जमिनीत हाताच्या पंजाएवढं भोक असतं, लाकडी बूच मारलेलं. पाणी चढलं की बूच उपटायचं, पाणी आत घ्यायचं, म्हणजे घर जड होऊन बसतं. घर भिजतं, पण राहतं. हे इथे रांगत्या पोरालाही ठाऊक आहे.

"मावशी, बूच कुठाय?"

मावशी खोलीच्या मधोमध उभी होती, हलेना. तिच्या पायाखाली नवं लिनोलियम होतं, जमिनीवर अंथरतात ते, निळ्या गुलाबांचं. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसंध, कडेने खिळे ठोकलेलं. बूच त्याच्याखाली. राईत पाणी कशाला येतंय, म्हणून बाईने बुचावर गुलाब अंथरले होते!

"हात लावशील तर बघ," ती म्हणाली.

"अगं, घर जाईल!"

"जाऊ दे. लिनोलियम फाडायचं नाही."

खालून कण्हल्यासारखा आवाज आला. एक ओंडका निसटला. घर एका कोपऱ्याने वर उचललं गेलं आणि कपाटातल्या बशा एकदम बोलायला लागल्या. मी ओरडत होतो, मावशी ओरडत होती, आणि त्यात दार उघडलं.

दारात युरायस काका. कमरेपर्यंत पाण्यात, हातात कुऱ्हाड, अंगावरचा सदरा वाऱ्याने फाटलेला. एक मैल त्या पाण्यातून चालत आले होते. पण उंबऱ्याच्या बाहेर उभे. आत पाऊल नाही.

"सॅब्रा, घर उचललं जातंय."

"दिसतंय मला."

"भोक पाडायला हवं."

"कुऱ्हाड कुणाच्या हातात आहे?"

"मी बाहेर आहे," काका म्हणाले.

तीन वर्षांनी भेटलेली माणसं! मी रडायच्या बेतात होतो. "अहो काका, या ना आत! मी सांगतो, या!"

"तुझं घर आहे का हे?" त्यांनी मला विचारलं. त्या परिस्थितीत!

दोरखंड तुटला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि घर सुटलं. हळूहळू वळलं आणि खाजणावरून निघालं, ओसरीसकट, धुराड्यासकट, आम्हा दोघांसकट. मी चुलीला मिठी मारली. दाराकडे बघितलं तर काका अजून तिथेच. एका हाताने त्यांनी उंबरा धरला होता, आणि घर जाईल तसे ते पाण्यातून सोबत चालले होते. पाणी छातीला आलं. मग गळ्याला आलं. उंबरा काही ते सोडत नव्हते, आणि आतही येत नव्हते. एक लाट त्यांच्या डोक्यावरून गेली. बोटं तेवढी दिसत होती. मग ते वर आले, पाणी थुंकले आणि पुन्हा चालायला लागले.

मावशीचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता.

"युरायस!" ती किंचाळली. "ये! अरे, ये ना आत! ये, ये, ये!" आणि गुडघ्याचं दुखणं विसरून ती उंबऱ्याशी आडवी पडली आणि दोन्ही हातांनी त्यांची कॉलर धरून ओढायला लागली. मीही ओढलं. काका आत पडले, मोठ्या माशासारखे. उठले, जमिनीकडे एकदा बघितलं, आणि बुचाची जागा तीन वर्षांनंतरही अचूक लक्षात ठेवून एका निळ्या गुलाबावर कुऱ्हाड घातली. दुसऱ्या घावाला पाणी कारंज्यासारखं वर आलं. घर थरथरलं, जड झालं, आणि खाली बसलं. कुठे, ते मला कळलंही नाही.

आता आत गुडघाभर पाणी होतं आणि बाहेर माणूसभर. मी चुलीवर चढून बसलो. मावशी आणि काका टेबलावर बसले, शेजारी शेजारी, पाय पाण्यात सोडून. लिनोलियमचा एक मोठा तुकडा सुटून पाण्यावर आला होता आणि टेबलाभोवती फिरत होता.

काकांनी तो बोटाने अडवला. "चांगलं होतं गं हे. कधी घेतलंस?"

"जूनमध्ये," मावशी म्हणाली.

"जिथे घरात पाणी शिरतं, त्या बेटावर हे कुणासाठी अंथरायचं?"

मावशीचे खांदे हलायला लागले, आणि त्या लहानखुऱ्या बाईला असा हुंदका आला की टेबल हललं.

"तुला दाखवायला," ती म्हणाली. "तू आलास की दाखवायला घेतलं होतं मी, मेल्या!"

काकांनी तो तुकडा उचलला, त्यावरचं पाणी निथळू दिलं आणि मांडीवर नीट पसरून गुलाब बघत बसले. "छान आहे," ते म्हणाले. "फार छान आहे, सॅब्रा." मला तिथे बसवेना, आणि जायला जागा नव्हती. मी भिंतीकडे तोंड करून बसलो.